स्वतःची थेरपी प्रॅक्टिस काढताय? आधी एक दोनशे पानी वही आणा

दरवर्षी जून-जुलैमध्ये सायकॉलॉजीत एमए झालेली दोन-चार मुलंमुली मला फोन करतात, ताई प्रॅक्टिस सुरू करायचीय, कुठून सुरू करू. आणि साधारण दीड-दोन वर्षांनी त्यातल्याच एखादीचा परत फोन येतो, ताई एका शाळेत काउन्सेलरची नोकरी मिळतेय, घेऊ का. घे म्हणते मी, त्यात काही कमीपणा नाही. पण खोदून विचारलं तर क्लायंट येत नाहीत असं कारण फार क्वचित निघतं. क्लायंट येत असतात, हिशोब मांडलेला नसतो, आणि पैशाचं बोलायची लाज वाटत असते.

मलाही वाटायची. नाशिकला मला आता नऊ वर्षं झाली, पहिल्या वर्षाची वही अजून कपाटात आहे. त्यातलं मार्चचं पान असं आहे: ठरलेली सेशन ३१, न सांगता न आलेले ९, झालेली २२, त्यातले ५ जण "पुढच्या वेळी देते मॅडम" म्हणाले आणि ती पुढची वेळ काही आली नाही. १७ गुणिले ६०० म्हणजे १०,२००. खोलीभाडं ७,०००. उरले ३,२००, त्यात रिक्षाचे धरलेले नाहीत. त्या महिन्यात मी सगळ्यांना सांगत होते की प्रॅक्टिस मस्त चाललीय, आणि मला ते खरंच वाटत होतं, कारण दिवसभर मी बिझी असायचे ना.

तर आता एकेक करून सांगते. हे सगळं मी काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट म्हणून, मध्यम शहरातल्या अनुभवावरून लिहितेय. मुंबईतले भाडे आणि फी दोन्ही वेगळे, पण गणित तेच.

पाटीवर काय लिहायचं

हे आधी, कारण इथेच गोंधळ होतो. "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट" हे लिहायचं असेल तर आरसीआयची म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, १९९२ चा कायदा आहे तो, आणि नुसत्या एमएवर ती मिळत नाही, आरसीआयची मान्यता असलेला क्लिनिकलचा कोर्स करावा लागतो. एमएच्या पदवीवर "क्लिनिकल सायकॉलॉजी" छापलेलं असलं म्हणून आपोआप आपण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. समुपदेशक किंवा काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट लिहा आणि खाली आपली खरी डिग्री लिहा. आपल्या क्षेत्रातल्या बाकीच्यांना धरून २०२१ मध्ये अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा झालाय, त्याची नोंदणी टप्प्याटप्प्याने उभी राहतेय, त्यामुळे मार्कशीट, इंटर्नशिपची पत्रं, सुपरव्हिजनचे (म्हणजे अनुभवी थेरपिस्टसमोर आपल्या केसेस मांडून शिकायचे) तास हे सगळं एका फाइलीत आजपासूनच लावून ठेवा, नंतर शोधताना जीव जातो.

दुसरं म्हणजे "मानसोपचारतज्ज्ञ" म्हटलं की लोकांना गोळ्या देणारे डॉक्टर वाटतात, तो शब्द आपल्या पाटीवर नको. आणि लोक तुम्हाला डॉक्टर म्हणणारच. पहिल्याच वेळी हसून सांगून टाकायचं की मी डॉक्टर नाही, औषध देत नाही, औषधाची गरज वाटली तर कोणाकडे जायचं ते मात्र सांगेन. ऐकायला गोड वाटतं म्हणून चालवून घेतलं की सहा महिन्यांनी तोच माणूस विचारतो, मग तुम्ही झोपेची गोळी का नाही लिहून दिली.

खोली

सुरुवातीला स्वतःची खोली घेऊ नका. कोणाच्या तरी क्लिनिकमध्ये आठवड्याचे दोन-तीन अर्धे दिवस तासावर मिळतात, तेवढे घ्या. मी पहिल्याच महिन्यात उत्साहात पूर्ण महिन्याच्या भाड्याने खोली घेतली ती चूकच. वर ती खोली प्लायवूडच्या पार्टिशनची. एका मुलीने आत जे रडत सांगितलं ते बाहेर बाकावर बसलेल्या तिच्या आईने शब्द न शब्द ऐकलं, आणि दोघी बाहेर पडताना एकमेकींकडे बघत नव्हत्या. ती मुलगी परत आली नाही. तेव्हापासून खोली बघायला गेले की मी मैत्रिणीला आत बसवते, साध्या आवाजात वर्तमानपत्र वाच म्हणते आणि दार लावून बाहेर उभी राहते. एक शब्द जरी कळला तरी खोली नको.

आता माझी खोली गंगापूर रोडला एका डेंटिस्टच्या वरच्या मजल्यावर आहे. जिना एकच. याचा फायदा मला आधी कळलाच नव्हता, एका काकूंनी सांगितला. म्हणाल्या, "बरं आहे हो तुमचं, कोणी भेटलं तर दाढ दाखवायला आले सांगते." लहान गावात, मध्यम शहरात हे फार महत्त्वाचं आहे. मोठ्ठी पाटी, काचेचं दार, मेन रोडला तोंड, हे दुकानाला ठीक. आपल्याकडे येणाऱ्या माणसाला जिना चढताना ओळखीचं कोणी दिसू नये असं वाटत असतं. दोन सेशनमध्ये पंधरा मिनिटं ठेवायचं हेही एक कारण, जाणारा आणि येणारा समोरासमोर नको.

घरून करायचं असेल तर सोसायटीला आधी विचारा, आणि सासूबाई चहा घेऊन आत येणार नाहीत याची खात्री करा. मी गंमत करत नाहीये.

कागदपत्रं, पटकन

दुकान-आस्थापनाची नोंद म्हणजे आपला गुमास्ता, माणसं थोडीच असतील तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे ऑनलाइन नुसती सूचना द्यायची असते. प्रोफेशनल टॅक्स, आपला स्वतःचा, वर्षाला २,५००. प्रॅक्टिसचं बँक खातं वेगळं, हे आजच करा. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या वर जमा झाली तर येते, तिथवर पोचायला आपल्याला वेळ आहे, शिवाय आरोग्यसेवेची सूट आपल्याला लागू होते का हा प्रश्न सीएलाच विचारा, मित्राला नको. प्रोफेशनल इन्डेम्निटीचा विमा घ्या, म्हणजे आपल्या कामातल्या चुकीबद्दल कोणी दावा लावला तर उपयोगी पडतो तो. आणि मानसिक आरोग्य कायद्यात आस्थापनेची जी नोंदणी आहे ती पेशंट ठेवून घेणाऱ्या ठिकाणांसाठी आहे, आपण तासाभराने घरी पाठवतो.

फी, आणि ती तोंडाने सांगणं

इथे जरा थांबून वाचा. फी ठरवताना सगळे काय करतात, तर आजूबाजूचे किती घेतात ते बघतात आणि त्यातून शंभर कमी करतात. उलटं करायचं. आधी वर्ष मांडायचं.

समजा तुम्ही आठवड्याला १८ सेशन नीट घेऊ शकता. नीट म्हणजे अठराव्या माणसाचंही ऐकू येतंय इतपत. वर्षाचे आठवडे ५२ धरू नका, ४४ धरा, कारण दिवाळी, गणपती, मे महिना, तुमचं स्वतःचं आजारपण, भाच्याची मुंज. १८ गुणिले ४४ झाली ७९२. फी १,००० धरली तर ७,९२,०००. आता त्यातले दहा टक्के येणार नाहीत, ७९,००० गेले. आठवड्याच्या १८ पैकी ३ जागा तुम्ही ४०० रुपयांत ठेवल्या तर अजून सत्तरएक हजार गेले. राहिले ६,४०,००० च्या आसपास. खोली महिना १२,००० म्हणजे १,४४,०००. सुपरव्हिजन महिन्यातून दोनदा, १,५०० प्रमाणे, ३६,०००. एखादं ट्रेनिंग ३०,०००. स्वतःची थेरपी १८,०००. फोन, इंटरनेट, विमा, सीए, टिश्यूचे डबे मिळून ४०,०००. एकूण खर्च २,६८,०००. हातात उरले ३,७२,०००, महिना ३१,०००, आणि हे चांगलं भरलेलं वर्ष आहे, पहिलं नाही. आकडे माझे आहेत, तुम्ही तुमचे घाला, पण घालाच. हजार रुपये तास म्हणजे केवढे असं जे तुम्हाला वाटतं (आणि तुमच्या मामांना वाटतं) ते हे पान बघितल्यावर वाटायचं बंद होतं.

यावरून पहिल्या वर्षाचं काय ते कळलंच असेल. पहिली दोन वर्षं दुसरं काहीतरी हाताशी हवं, शाळेत आठवड्याचे तीन दिवस, कॉलेजात लेक्चर, एखाद्या संस्थेत अर्धवेळ. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडल्याशिवाय नोकरी पूर्ण सोडू नका. भाड्याची चिंता असलेला थेरपिस्ट क्लायंटला "आता थांबलात तरी चालेल" हे म्हणायला एक महिना उशीर करतो. मी केलाय म्हणून माहिती आहे.

आता सांगायचं कसं. फोनवर, अपॉइंटमेंट देतानाच, एका वाक्यात: "पन्नास मिनिटांचं सेशन असतं, फी हजार रुपये, आदल्या दिवशीपर्यंत कळवलं तर वेळ बदलून देते, त्यानंतर रद्द केलं तर फी लागते." आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं आरशासमोर प्रॅक्टिस करा, हसू नका, कारण आपण लगेच "पण तुम्हाला जमत नसेल तर" असं पुढे जोडतो, समोरच्याने काही म्हणायच्या आधीच. कोणी म्हणेल, नुसतं बोलायचे एवढे? वाद घालायचा नाही. मी म्हणते, हो, बोलायचेच, आणि तुम्हाला जड जात असेल तर सिव्हिल हॉस्पिटलला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते, तिथेही मदत मिळते. खरंच मिळते आणि खरंच सांगायचं, टोमणा म्हणून नाही.

कमी फीच्या जागा ठरवून ठेवा, तीन म्हणजे तीन. भरल्या की वेटिंग. "बघू नंतर" ही फी नसते. आमच्याकडे निफाड, दिंडोरीकडची द्राक्षवाली घरं येतात, त्यांचा पैसा जानेवारी ते एप्रिल माल निघेल तेव्हा येतो, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बागेत औषध मारायचं असतं तेव्हा ते येऊच शकत नाहीत. एक दादा म्हणाले होते, ताई, द्राक्षं निघाली की देतो सगळे. मी हो म्हटलं, आणि त्या वर्षी गारपीट झाली. ते पैसे मागणं मला जमलं नाही आणि ते लाजून यायचे बंद झाले. म्हणजे उधारीने पैसा तर गेलाच, माणूसही गेला, आणि नेमकं तेव्हा त्यांना यायची सगळ्यात जास्त गरज होती. आता अशा घरांना मी पहिल्याच दिवशी कमी फीच्या जागेत घेते आणि दर वेळी थोडे का होईना यूपीआयने तिथल्या तिथे घेते. उधारी नाही.

पहिला फोन कोणाचा असतो

निम्म्या वेळा क्लायंटचा नसतोच. आईचा असतो. "मॅडम, मुलगा सव्वीसचा आहे, खोलीतून बाहेर येत नाही, मी त्याला काहीतरी कारण काढून घेऊन येते, तुम्ही त्याला समजवा, आणि मी फोन केला होता ते सांगू नका." यावर हो म्हणालात तर पहिल्याच मिनिटाला तुम्ही आईच्या पार्टीत गेलात. मी सांगते, काकू, त्याला खरं सांगून आणा, नाही आला तर तुम्ही एकट्या या, तुमच्याशी बोलू. बऱ्याचदा काकूच येतात आणि बऱ्याचदा त्यांनाच जास्त गरज असते.

फी आई देते, सेशन मुलाचं, मग आई म्हणते काय बोलला सांगा की. हे दोघांनाही समोर बसवून आधीच बोलायचं: पैसे कोणीही देऊ दे, बोललेलं खोलीत राहतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयता हा हक्क म्हणून लिहिलाय, कलम २३, तो लोकांना सांगितला की बरेच पालक शांत होतात, कायदा म्हटलं की आपल्याकडे ऐकतात.

पण गोपनीयतेला अपवाद आहेत आणि ते सुरुवातीलाच मराठीत, साध्या शब्दांत, एका पानावर लिहून सही घ्यायची. जिवाला धोका असेल तर घरच्यांना कळवावं लागेल. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं सगळ्यांनाच बंधनकारक आहे, आपल्यालाही, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. हे क्लायंटने सांगून झाल्यावर सांगणं म्हणजे फसवणूक केल्यासारखं होतं. नेटवरचा इंग्रजी कन्सेंट फॉर्म तसाच छापू नका, काकूंना तो वाचता येत नाही आणि त्या न वाचता सही करतात.

नोट्स त्याच दिवशी, चार-पाच ओळी, कुलपाच्या कपाटात किंवा पासवर्डखाली. नावाऐवजी नंबर. व्हॉट्सअॅपवर केसची चर्चा नाही, "नाव नाही घेत पण" असं म्हणूनही नाही, नाशिक एवढं मोठं नाहीये.

एकटं राहू नका

पहिला क्लायंट घ्यायच्या आधी दोन सायकियाट्रिस्टना जाऊन भेटा. त्यांच्या ओपीडीची वेळ, फी, तातडीला फोन घेतात का, सगळं विचारा. ज्या दिवशी कोणी समोर बसून म्हणतं की गोळ्या साठवून ठेवल्यात, त्या दिवशी नंबर शोधत बसायला वेळ नसतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक भिंतीवर लावा, चोवीस तास असतो, २०२२ पासून सुरू आहे, मराठीत बोलता येतं, आणि क्लायंटला स्पष्ट सांगा की रात्री दोन वाजता मी फोन उचलणार नाही, तेव्हा इथे लावा. सुरुवातीला मी उचलायचे. वर्षभर नीट झोपले नाही आणि दिवसा येणाऱ्यांना अर्धी झोपलेली थेरपिस्ट मिळाली.

क्लायंट कुठून येतात याचं उत्तर कंटाळवाणं आहे: जुन्या क्लायंटकडून आणि डॉक्टरांकडून. फॅमिली डॉक्टर, त्वचारोगवाले, बायकांचे डॉक्टर, यांच्याकडे छातीत धडधड, पोटात गोळा, अंगावर पित्त घेऊन माणसं आधी जातात. आपल्याकडे "मला डिप्रेशन आहे" म्हणत कमी लोक येतात, "कशात मन लागत नाही", "जीव घाबरा होतो" म्हणत येतात. डॉक्टरांना भेटायला जाताना ब्रोशर नको, हीच वाक्यं न्या, अशी तक्रार आली आणि रिपोर्ट नॉर्मल असले तर पाठवा म्हणा. पाठवला की क्लायंटची परवानगी घेऊन दोन ओळींची चिठ्ठी परत द्या, हे कोणी करत नाही म्हणून लक्षात राहतं. आणि कोणी कट मागितला तर नाही म्हणा. एकाने मला सरळ विचारलं होतं, किती टक्के. मी चहा संपवला आणि उठले, त्यांच्याकडून आजवर एकही पेशंट आला नाही, काही बिघडलं नाही.

इथल्या सातपूर-अंबडच्या कंपन्यांमधल्या लोकांना काउन्सेलिंग पुरवणाऱ्या ज्या एजन्सी असतात त्या सेशनमागे कमी देतात, उशिरा देतात, पैसे देताना दहा टक्के टीडीएस कापतात. तो रिटर्न भरून परत मिळू शकतो, पण तोवर तुमचा पैसा अडकलेला असतो. आठवड्याची चार-पाच सेशन त्यांना ठीक, अख्खी प्रॅक्टिस त्यांच्यावर नको. इन्स्टाबद्दल मला विचारू नका, मी तीन रील केल्या आणि दोन नातेवाइकांनी लाइक केल्या. ज्यांना जमतं त्यांना त्यातून येतात माणसं, पण क्लायंटची गोष्ट "बदलून" टाकू नका, त्याला स्वतःची कळतेच.

अजून एक. परदेशातल्या मराठी माणसांचे फोन येतील, आईभाषेत बोलायचंय म्हणून, डॉलरमध्ये फी मिळते म्हणून आपणही हुरळतो. तिथे राहणाऱ्याला थेरपी द्यायची तर तिथले लायसन्सचे नियम लागतात, अमेरिकेत तर राज्याराज्याचे वेगळे, आणि आपला विमा तिथे चालेलच असं नाही. आधी तपासा, मगच हो म्हणा.

कॅलेंडर

आमच्याकडे वर्षाचे भरती-ओहोटीचे महिने ठरलेले असतात. फेब्रुवारी-मार्च परीक्षांचे, मे-जून निकालांचे पण मेमध्ये निम्मे लोक गावाला, गणपती ते दिवाळी जागा रिकाम्या, आणि दिवाळीनंतर गर्दी, कारण चार दिवस सगळं घर एकत्र होतं ना. वहीत मागच्या वर्षाची पानं असली की रिकाम्या सप्टेंबरमध्ये पोटात गोळा येत नाही. त्या दिवसांत ट्रेनिंग करा, शाळांमध्ये बोलायला जा, झोपा.

सलग तीनपेक्षा जास्त सेशन घेऊ नका. सुपरव्हिजन पैसे नाहीत म्हणून बंद करू नका, ते भाड्यासारखं आहे. महिन्यातून एकदा चार-पाच जणांचा गट करून बसलात तर खर्च वाटून जातो, आम्ही कॉलेज रोडला एकीच्या घरी बसतो, पोहे असतात, आणि केस सांगताना आवाज कापतो तेव्हा कोणीतरी पाठीवर हात ठेवतं.

आणि शेवटचं काम, जे मी सातव्या वर्षी केलं, तुम्ही पहिल्याच वर्षी करा. मला डेंग्यू झाला होता, दहा दिवस हॉस्पिटलमध्ये, मोबाइल नवऱ्याकडे, त्याला माझे क्लायंट माहीत नाहीत आणि माहीत असूही नयेत. अकरा जण त्या जिन्यावर येऊन कुलूप बघून परत गेले. आता एका मैत्रिणीकडे, ती पण थेरपिस्ट, माझं बंद पाकीट असतं: चालू क्लायंटचे नंबर, कोणाला आधी फोन करायचा, कोणाला कोणाकडे पाठवायचं, कपाटाची चावी कुठे आहे. असं कोणीतरी माझ्या वतीने फोन करू शकतं हे क्लायंटना पहिल्या दिवशीच्या कागदात लिहिलेलं असतं. तिचं पाकीट माझ्याकडे आहे. दर जानेवारीत आम्ही भेटतो, जुनी फाडतो, नवी देतो.